यंदा पत्रा किती घ्यायचा

एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला स्ट्रॅटेजी नावाचा पेपर होता. शिकवणारे सर शांत होते आणि नेमके जिथे दुखतं तिथेच बोट ठेवायचे. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "तुमच्या धंद्यात असं काय आहे, जे समोरचा दुकानदार उद्या सकाळपासून करू शकत नाही?" ते जे काही असेल तेच तुमचं कॉम्पिटिटिव्ह अॅडव्हान्टेज, स्पर्धेतली सरशी. वर्गातल्या बाकीच्यांनी प्रश्न वहीत उतरवून घेतला आणि विसरून गेले. मी तो अमरावतीहून अकोल्याला आमच्या दुकानापर्यंत नेला आणि तिथून माझी झोप उडाली.

अकोल्यात बाबांचं कूलरचं दुकान आहे. आयटीआयमध्ये पत्राकाम शिकून त्यांनी ते उभं केलं. लोखंडी पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, आत पंखा आणि ताट्यांवर पाणी सोडणारा पंप, एवढंच ते यंत्र. पण मे महिन्यात अकोल्याचा माणूस देवाच्या आधी त्याचं नाव घेतो. कूलर विकले जातात उन्हाळ्यात आणि बनतात हिवाळ्यात. दिवाळीनंतर पत्रा घ्यायचा, थंडीत पेट्या ठोकून ठेवायच्या, होळी झाली की दुकानासमोर मांडायच्या. पत्रा जास्त घेतला आणि गिऱ्हाईक फिरकलं नाही, तर पुढचं वर्षभर पेट्या गंजताना बघत बसायचं.

समोरच्या दुकानदाराने तोवर पत्राकाम बंद करून प्लॅस्टिकच्या कूलरची एजन्सी घेतली होती. हलके, देखणे, खाली चाकं लावलेले कूलर. आमचा कूलर हलवायला दोन माणसं लागतात आणि तरी एकाचा पाय चेंगरतो.

माझा स्वभाव मुळातच काळजीचा, त्यात हा विषय म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. शनिवारी मी अमरावतीहून अकोल्याची एसटी पकडायचे आणि भांडून खिडकीची जागा घ्यायचे. पूर्वी बाहेरची शेतं बघायचे, आता घरांच्या भिंती बघू लागले. भिंतींवर एसीचे पांढरे डबे. बडनेऱ्यात दिसले की वाटायचं, ठीक आहे, इथे रेल्वेतल्या पगारदारांची घरं आहेत. मूर्तिजापुरात एखाद्या साध्या घरावर दिसला की मी आमचं एक गिऱ्हाईक वजा करायचे. घरी पोचेपर्यंत मी आमचं दुकान मनातल्या मनात बंद करून त्यावर भाड्याची पाटीसुद्धा लावलेली असायची. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते काही खोटं नाही. आई एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "बाप्पा, पोट्टी शिकून राहिली का बिमार पडून राहिली?"

बाबांना मात्र कौतुक. आलेल्या गिऱ्हाइकाला ते समोरच्या दुकानाकडे बोट दाखवून सांगायचे, "आमची पोट्टी अमरावतीले त्याले हारवाचं शिकून राहिली." समोरचा ते ऐकून हसायचा, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या दिवाळीनंतर, परत निघायच्या दिवशी बाबांनी मला दुकानात बोलावलं. हातातली कात्री बाजूला ठेवली आणि म्हणाले, "तू सांग, यंदा पत्रा किती घ्याचा?"

मला वाटलं चेष्टा करतायत. पण ते उत्तराची वाट बघत उभेच राहिले. बाबांनी धंद्यातली गोष्ट आजवर कोणाला विचारली नव्हती. आईलाही नाही, आणि त्याबद्दल आईच्या मनात राग होताच. माझी पाचावर धारण बसली. वर्गात दुसऱ्याच्या कंपन्या बुडवायला आणि तारायला काही लागत नाही. इथे मी जास्त सांगितलं तर बाबांचं वर्ष जाणार होतं, आणि कमी सांगितलं तर समोरच्याला रस्ता मोकळा.

"माह्या प्रोजेक्टात आपलंच दुकान घेतलं हाये," मी म्हटलं. "तो झाला का सांगीन."

"सांग. मी थांबतो."

आणि ते खरंच थांबले. पत्र्याच्या व्यापाऱ्याचे फोन येत राहिले, ते त्याला "पाहू" म्हणत राहिले. आई मला फोनवर हे सांगायची आणि मी अमरावतीच्या खोलीत तेच आकडे पुन्हा मांडत बसायचे. त्यातच पुण्याच्या एका कंपनीने मला मुलाखतीला बोलावलं. मी ते आईला सांगितलं, बाबांना सांगायचं धाडस झालं नाही.

प्रोजेक्टसाठी मी आमच्या दुकानाकडे परक्यासारखं बघायचा प्रयत्न केला. पेटीची घडण? कोणीही पत्रा कापून तशी करेल. जागा? समोरच स्पर्धक. किंमत? प्लॅस्टिकवाला आमच्या खाली उतरू शकत होता. एकेक गोष्ट खोडत गेले तेव्हा शेवटी एकच उरली. होळीच्या आधी बाबा घरोघर जातात, जुन्या कूलरच्या ताट्या बदलतात, पंपाला तेलपाणी करतात. बहुतेक कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेले असतात, त्यामुळे शिडी लागते. बाबा माणूस पाठवत नाहीत, स्वतः चढतात. कोणत्या घरात म्हातारं माणूस कुठल्या खोलीत झोपतं ते त्यांना ठाऊक असतं, आणि वारा त्याच्या डोक्यावर न पडता पायाकडे जाईल असा ते कूलर फिरवून देतात. मग त्या घरातला मुलगा वेगळं घर करतो तेव्हा कूलर घ्यायला आमच्याकडेच येतो. हे एजन्सीवाला उद्या सकाळपासून करू शकत नव्हता. मला इतका आनंद झाला की त्या रात्री मी पोटभर जेवले.

सादरीकरण चांगलं झालं. सरांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि मग विचारलं, "वडील ज्या वर्षी शिडी चढू शकणार नाहीत, त्या वर्षी काय?"

मी पुढची स्लाइड शोधू लागले.

"म्हणजे तुमचा अख्खा धंदा एका माणसाच्या गुडघ्यांवर उभा आहे. याला ताकद म्हणायचं की धोका, ते ठरवा," सर म्हणाले आणि चांगले गुण देऊन पुढच्या मुलाकडे वळले.

सरांना बाबांच्या गुडघ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. गेल्या होळीपासून बाबा शिडीवरून अंग आडवं करून उतरत होते, जड सामान घेऊन बसमधून उतरतात तसे, आणि कोणी बघितलं की उगाच शिडी हलवून तपासल्यासारखं करायचे. आई आणि मी ते बघून न बघितल्यासारखं करत होतो.

त्या रविवारी मी दुकानात गेले. ठरवून गेले होते की आकडेमोड सांगायची आणि गुडघ्याचा विषय काढायचा नाही. पण बाबांनी विचारलं, "तुये सर काय म्हणाले?" आणि मी घडाघडा सगळंच बोलून गेले. शिडीचंसुद्धा. बोलून झाल्यावर मला रडू येईल असं वाटलं.

बाबांनी पत्र्यावरून हात फिरवला. "बरोबर बोलला तुया सर," ते म्हणाले. "अन् पत्रा किती लागते ते मले समजते, पोरी. इतके साल घेतलाच ना. मी काही पत्र्याचं नव्हतो इचारून राहिलो."

"मंग?"

"आज कूलर इकला का त्याच्या ताट्या दरसाल बदलाले जा लागते. मी अजून किती साल चढीन ते मले मालूम हाये. माह्या मागं कोणी येणार हाये का, ते मालूम नाही." मग म्हणाले, "पुण्याचं तुह्या आईनं सांगतलं मले."

इतके दिवस ज्या प्रश्नासाठी मी पुस्तकं उलटीपालटी केली तो प्रश्न माझ्याबद्दल होता, आणि हे वर्गात कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी रागावून विचारलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

"मले भेव वाटते, बाबा," मी म्हटलं. "इथं राह्यली त दुकान चालन का नाही त्याचं, अन् पुण्याले गेली त तुमचं."

"मले त दर होळीले वाटते. तरी पेट्या मांडाच लागतात," बाबा म्हणाले. "मी जबरदस्ती नाही करून राहिलो. फक्त सांगून दे."

मी समोरच्या दुकानातल्या चाकांच्या कूलरकडे पाहिलं. मग तोंडातून आलं, "अर्धा घ्या. बाकीचं मंग सांगीन."

अर्धा का, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी माझ्यादेखतच व्यापाऱ्याला फोन लावला. "हो, अर्धाच पाठवा सध्या," ते म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नाही नाही, धंदा चांगला हाये आपला. बाकीचं पोट्टी सांगन." फोन खिशात ठेवून त्यांनी कात्री उचलली आणि राहिलेला पत्रा कापायला घेतला.

संध्याकाळच्या एसटीत खिडकीची जागा रिकामी होती. मी आतल्या बाजूला बसले आणि मूर्तिजापूर येऊन गेलं तरी बाहेरच्या भिंतींकडे न बघता समोरच्या सीटची पाठ बघत राहिले.