स्टेटसवरची माणसं, कँटीनमधली माणसं

बारामती एमआयडीसीतल्या आमच्या दूध प्लांटचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मी पॅकिंगला. इतक्या वर्षांत एवढं कळलं, की ग्रुपवर दिसतात ती माणसं वेगळी आणि कँटीनमध्ये डबा उघडून बसतात ती वेगळी! नावं मात्र तीच. त्यामुळे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. सकाळी स्टेटस बघायचं, दुपारी माणूस बघायचा, झालं!

आमच्या गेटवरचे वॉचमन तात्या. रोज पहाटे ग्रुपवर त्यांचा सुविचार. एकदा आला, ‘आज कुणावरही रागावू नका, गोड बोला.’ खाली गुलाब, सूर्य आणि दोन कबुतरं.

त्याच दुपारी एक टँकरवाला गेटात गाडी आडवी लावून चहाला गेला. तात्यांचा आवाज पार पॅकिंगपर्यंत! टँकरवालाही ग्रुपवरचाच. शांतपणे आला, फोन काढला, तात्यांच्या नाकासमोर धरला.

“तात्या, हे तुमीच धाडलंय न्हवं?”

तात्यांनी चष्मा लावून नीट वाचलं. “व्हय, मीच. पर ते सकाळचं हाय!”

हेच तात्या आम्हा बायकांची शिफ्ट सुटली, की शेवटची स्कूटी वळणाआड जाईपर्यंत गेटाबाहेर उभे असतात. तेव्हा मात्र एक शब्द बोलत नाहीत.

लॅबमधली शिरीन इंदापूरची. तिच्या स्वयंपाकाच्या रील्स आम्ही सगळ्या बघतो. मेंदीचे हात, हिरव्या बांगड्या, पातेल्यातली वाफाळती बिर्याणी. ‘काय हात आहे गं!’ अशा कमेंट्सचा नुसता पाऊस.

ईदला तिच्या घरी गेलो. शिरीन हॉलमध्ये आमच्याशी गप्पा मारत बसलेली आणि आत तिचा नवरा सलीमभाई पातेल्यासमोर घामाघूम!

“अगं, बिर्याणी कोण करतंय?”

“हेच करतात. मी शेवटी पळी फिरवते, तेवढाच व्हिडिओ!”

आतून सलीमभाई ओरडले, “वहिनी, माझ्या हातावर केस लई हायत. व्ह्यूज येत न्हाईत!”

निघताना त्यांनी प्रत्येकीच्या हातात घरच्यांसाठी भरलेला डबा दिला. तो डबा घेऊन मी घरी आले, तर पोरांनी झाकणाला लागलेला भातसुद्धा सोडला नाही.

आमचे साहेब सुप्याला सासुरवाडीला गेले होते. औत धरल्याचा फोटो टाकला, वर लिहिलं, ‘मातीशी नाळ.’ सोमवारी लंगडत आले.

“साहेब, काय झालं?”

“बैलानं लाइक केलं.”

सुवर्णा माझ्या शेजारी उभी राहते आणि तिचा नवरा धनाजी बॉयलरला. लग्नाच्या वाढदिवसाला तिनं फेसबुकवर टाकलं, ‘तुमच्याशिवाय मी अपूर्ण.’ त्यानं खाली लाल बदाम टाकला. आम्ही हौसेनं कँटीनमध्ये केक मागवला. दोघं आले आणि दोन टोकांच्या टेबलांवर बसले. कसल्याशा भांडणावरून आठवडाभर अबोला होता!

ढकलून ढकलून जवळ आणलं. धनाजीनं केकचा तुकडा पुढं केला. सुवर्णा ओठ मिटून उभी. मग दातातल्या दातात म्हणाली, “आधी सॉरी म्हणा, मग तोंड उघडते.”

“सॉरी!” धनाजी इतक्या जोरात ओरडला, की भटारखान्यातला आचारी पळत आला. “भाजी खारट झाली का?”

आणि फोर्कलिफ्ट चालवणारा कन्हेरीचा संदीप. वडापाव खाल्ला तरी फोटो, पंक्चर काढलं तरी फोटो. आम्ही त्याला चिडवायचो, “तुला ठेच लागली तर आधी सेल्फी, मग हळद!”

मागं माझ्या मिस्टरांचा भिगवण रस्त्याला अपघात झाला. आता ते हिंडतात-फिरतात, म्हणून सांगता येतंय. रक्त फार गेलं होतं. मी ग्रुपवर लिहिलं, ‘तातडीनं रक्त पाहिजे.’ हात जोडलेले आले, ‘काळजी घ्या’ आलं. कुणी कुणी ओळखीच्यांना फोनही लावले. संदीपचं मात्र काहीच नाही. तशा अवस्थेतही मनाला लागलं. एवढे फोटो टाकतो, याला एक ओळ लिहवेना?

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, “धोका टळला.” मी भिंतीला टेकून खालीच बसले. दीर जवळ आले.

“वहिनी, त्यो उंच पोरगा कोण? तुमी आत होता तवा आला, रक्त दिलं. मग गावाला जाऊन आमच्या आईला घिऊन आला. अजून खाली बसलाय.”

खाली गेले. पायरीवर संदीप. दंडाला चिकटपट्टी, शर्ट चुरगळलेला. काहीतरी हलकं बोलायचं म्हणून विचारलं, “काय रे, आज स्टेटस न्हाय? रक्त देताना फोटो न्हाय काढला?”

“काढलाय की, ताई.” त्यानं मान खाली घातली. “पर त्यात मी रडताना दिसतोय.”