ओटीपी आणि रामाकोन्याची बस

सौंसरच्या बाजारात आता पालकाची जुडी घेतली तरी मोबाइल दाखवायचा, दुकानातला डबा 'पैसे मिळाले' म्हणून ओरडतो, आपण पिशवी उचलायची. एवढ्या भांडवलावर मी बँकॉकला गेलो. शेतीच्या यंत्रांचं प्रदर्शन पाहायला, एकटाच. गावभर सांगून निघालो, "नोटा बदलायच्या भानगडीत कोण पडते? कार्ड आहे ना!"

निघताना आणखी एक हुशारी केली. आंबिया बहाराची संत्री झाडावर होती आणि बगीचा घेणारे व्यापारी माझ्या जुन्या नंबरवरच फोन करतात. एक फोन हुकला की व्यापारी शेजाऱ्याच्या बगीच्यात. म्हणून ते सिम साध्या बटनांच्या फोनात घालून बायकोच्या हाती दिलं. बँकेकडेही तोच नंबर आहे, हे काही डोक्यात शिरलं नाही.

विमानतळावर नाइलाजानं बदललेल्या चार नोटांवर दिवस निघाले. परतीच्या सकाळी टॅक्सी दारात उभी, आणि हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीनं माझं कार्ड यंत्राला लावलं. नाही. पुन्हा लावलं. नाहीच. मोबाइलनं त्यांचा चौकोन स्कॅन केला, तर ॲपनंही हात वर केले. मग कळलं, माझ्या कार्डाचा परदेशातला वापर बंदच होता. चालू करायला ओटीपी हवा, आणि ओटीपी जाणार सौंसरला! बिल भरल्याशिवाय सुटका नव्हती, अन् विमान म्हणजे काही आपली बस नाही, हात दाखवला की थांबायला.

तिथल्या सिमवरून घरी फोन लावला.

"कोण बोलून राहिलं?"

"अवं, मी! आता एक ओटीपी येईल, तो सांग."

"ओटीपी पाहिजे काय? ठेव फोन, चोट्ट्या!"

तिनंच ठेवला. तिची काय चूक? ओटीपी कोणालाच सांगायचा नाही, माझ्या आवाजात मागितला तरी नाही, आवाजही नकली काढतात आता, असं मीच तिला जेवताना पढवत होतो. टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. मी पुन्हा फोन लावला.

"खरंच मी आहे अवं!"

"असं? मग मला पाहायला पांढुर्ण्याला येऊन राहिले होते, तेव्हा काय झालं होतं?"

लॉबीत सगळे माझ्याकडे पाहत होते. कोणाला मराठी येत नव्हती, तेवढंच नशीब.

"बोर्ड न वाचता उलटीकडच्या छिंदवाड्याच्या बसमध्ये बसलो!" मी ओरडलो. "रामाकोन्याला समजलं. मग कापसाच्या गाडीवर बसून परत फिरलो!"

"अन् माझी आई काय म्हणाली?"

"पोरगा बरा आहे, पण केस आत्ताच पांढरे झाले!"

पलीकडे हसू फुटलं. "तुम्हीच होय. इतकी शोभा कोणता चोर करून घेईल? घ्या लिहून."

कार्ड चालू झालं. यंत्रातून पावती सरकत बाहेर आली, तरी मी तिथंच उभा. डबा बोलायची वाट पाहत होतो! त्या मुलीनं हसून दाराकडे हात केला, तेव्हा कुठं बॅग उचलली. टॅक्सीत बसून पाठ टेकतो न टेकतो, तोच घरचा फोन.

"पैसे कटल्याचा मेसेज आला. अन् ऐका, विमानात चढायच्या आधी बोर्ड वाचून घ्या."


वाचला. दोनदा वाचला.