बिरूच्या होडीवरचा सात

ही गोष्ट माझ्या बायकोलाही माहीत नाही. आणि तिला माझं सगळंच माहीत असतं — दुकानातून येताना कुठं थांबून चहा प्यालो तेसुद्धा ती तोंडाकडं बघून सांगते. नमाजाला उभा राहतो तेव्हाही ही गोष्ट मी मनाच्या एका कोपऱ्यात सरकवून ठेवतो, जणू वरच्याला तेवढाच कोपरा दिसत नाही! आता तुम्हाला सांगतोय. का? तर तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि खरं सांगू का — तुमच्यावरही माझा पुरता भरोसा नाही. तुमचा एखादा पाहुणा आमच्या इंदापूरकडचा निघाला तर? असो. संशय हा माझा जुनाच आजार आहे, आणि गोष्टही त्याचीच आहे.

इंदापुरात माझं रेडियमचं दुकान आहे. मोटारसायकलच्या नंबरप्लेटा, ट्रॅक्टरच्या मागं ‘आईची कृपा’, टेम्पोच्या काचेवर पोराबाळांची नावं — कापायची, चिकटवायची, हेच काम. ‘रफिकनं लावलेला नंबर निघत न्हाय,’ असं लोक म्हणतात. लोक म्हणायच्या आधी मीच म्हणायला लागलो होतो, ते सोडा. घर मात्र शहरात नाही, उजनी धरणाच्या पाण्याकाठी वस्तीवर आहे. तिथं पत्र्याची एक होडी आणि थोडी जाळी — सकाळी मासे, मग दुकान.

बिरू माझ्या शेजारचा. आम्ही एका शाळेत, एका बाकावर. त्याच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता थोडा ऊस आहे, दोन म्हशी आहेत. घरात म्हातारी आई आणि धाकटा भाऊ खंडू. बाप लवकर गेला, तेव्हा खंडूला बिरूनंच लहानाचा मोठा केला. पाण्यावर रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईची माणसं यायला लागली तशी बिरूनं कुठून तरी एक हवेची होडी आणली. रबरी. पायाच्या पंपानं फुगवायची, फोटोवाल्यांना पक्ष्यांजवळ न्यायची, आणि काम झालं की हवा सोडून घडी घालायची, पोत्यात भरायची आणि मोटारसायकलवर टाकून घरी.

ही घडीच माझ्या डोक्यात बसली. आमच्या पत्र्याच्या होड्या काठावर उघड्या पडलेल्या असतात. कोण पाण्यात गेलं, कोण नाही, सगळ्या वस्तीला दिसतं. आणि याची होडी पोत्यात! ती कधी पाण्यात होती नि कधी गोठ्यात, कुणाला कळणार? आवाज नाही, काही नाही. जाळ्यावरून गेली तरी अडकत नाही. आणि नेमकी त्याच दिवसांत माझी जाळी फाटून यायला लागली. एकदा फाटली, मी गप्प. परत फाटली, आत मासेही नाहीत — आता तुम्हीच सांगा, तुमच्या मनात काय आलं असतं? नको, नका सांगू. तुम्ही चांगले असाल तर उगाच माझी मान आणखी खाली जायची.

त्याला मी काही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं ना? बाकावरचा दोस्त. पण संशयी माणूस विचारत नाही, तो नुसता बघत बसतो. बिरू हसला तर वाटायचं, हा का हसला? गप्प बसला तर वाटायचं, बघा, याला काहीतरी खातंय. त्यानं एकदा नेहमीसारखे घरी मासे मागितले नाहीत, तर मी बायकोला म्हटलं, याला आता कशाला लागतील आपले मासे!

मग नियम आला. पाण्यावर होडी सोडायची तर धरणाच्या ऑफिसातून नंबर घ्यायचा आणि तो दोन्ही अंगांना लावायचा. बिरूला दोनशे सत्तेचाळीस मिळाला. बाजाराच्या दिवशी तो पोतं घेऊन थेट माझ्या दुकानी. गिऱ्हाईक खोळंबलेलं, डोक्यावर ऊन, आणि त्याच सकाळी मी पुन्हा एक फाटकं जाळं ओढून आलेलो. बिरूनं दुकानापुढं होडी पसरली, पंप मारायला लागला.

पत्र्यावर नंबर लावणं वेगळं आणि रबरावर वेगळं. हवेच्या होडीला आधी पुरती हवा भरायची, ती ढोलासारखी ताणली की स्पिरिटनं पुसायची, वाळू द्यायची. आणि खरं काम करायचं तर नुसतं स्टिकर नाहीच चालत. पंक्चरला लावतो तसं ठिगळ सोल्युशननं बसवायचं आणि आकडा त्या ठिगळावर. हे सगळं मला येत होतं. बिरूनं विचारलंसुद्धा, “पुरी हवा भरू का रं?” मी म्हणालो, “ऱ्हाऊ दे, एवढी बास हाय.”

अर्ध्या हवेवर मी आकडे चिकटवले. पुसलं नाही. ठिगळ नाही. हातानं दाबले नि झालं. साताचा एक कोपरा तेव्हाच उचलला होता — मला दिसला. मी तो अंगठ्यानं दाबला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळलो. घाई होती असं तुम्हाला सांगू शकतो. पण घाई नव्हती हो. त्याच्या होडीला चांगला नंबर लावायची माझी इच्छाच नव्हती.

थोड्याच दिवसांनी सकाळी जाळं ओढलं तर पुन्हा फाटलेलं, आणि त्यात गुंतलेला — सात. माझाच कापलेला, पांढरा, ओला. मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. देवाशपथ आनंद झाला! गावला चोर! तो कोपरा, तो अंगठा, काही म्हणजे काही आठवलं नाही त्या घडीला.

आमच्या धक्क्यावर तात्यांचा शब्द चालतो. जुने मासेमार, कुणाची बाजू न घेणारे. मी सात त्यांच्या हातात ठेवला. बिरूला बोलावलं. तो पोतं घेऊनच आला, सगळ्यांसमोर होडी फुगवली. एका अंगाला दोनशे सत्तेचाळीस, दुसऱ्या अंगाला नुसताच चोवीस. बिरू म्हणाला, “मी जाळ्याकडं गेलो न्हाय तात्या. आकडा सुटून वाहत गेला असंल.”

तात्या माझ्याकडं वळले. “रफिक, तू लावलायस. आपसूक निघतो का रं ह्यो?”

होडी माझ्यापुढं टम्म फुगलेली होती. चोवीसातल्या चाराचाही पाय सुटलेला मला दिसत होता. दोन्ही कडांना रबर ताणलं होतं आणि आकडे आखडले होते. तेव्हा मात्र सगळं आठवलं — ऊन, अर्धी हवा, अंगठा. आता बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की तात्या, चूक माझी, मी नीट लावला नाही. धक्क्यावर माझी सगळी गिऱ्हाइकं उभी होती. आणि मनात किडा होताच — आकडा सुटलेला असला म्हणून काय झालं, चोर तर हाच असेल ना?

मी म्हणालो, “मी लावलेला नंबर निघत न्हाय.”

बिरू भांडेल असं वाटलं होतं. मी तयारीनं उभा होतो. तो भांडला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग होडीकडं, आणि म्हणाला, “रफ्या म्हनतोय तर न्हाय निघायचा. म्हंजे कुनीतरी गोठ्यातनं होडी न्हेलीया. कुनी न्हेली?”

समजलं का तुम्हाला? त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या डोळ्यापुढं चाराचा पाय लोंबत होता, तरी माझ्या शब्दावर ठेवला. आणि गोठ्यात हात घालणारं दुसरं होतं कोण? खंडू.

तात्यांनी तो हंगाम बिरूला पाण्यावर होडी घालणं बंद केलं. ते एक वेळ सोसलं असतं त्यानं. पण तो सात घेऊन घरी गेला आणि खंडूपुढं टाकला. खंडू म्हणाला, मी न्हाय न्हेली. बिरू म्हणाला, मग होडी काय चालत गेली? भिंतीपलीकडं मी जेवायला बसलो होतो. सगळं ऐकू येत होतं. खंडूचा आवाज शेवटी फाटला — “दादा, तू मला चोर म्हनतोस? तू?” बायको म्हणाली, जाऊन मधी पडा की! मी म्हणालो, भावाभावांचं भांडण, आपण कशाला. खंडू त्याच आठवड्यात भवानीनगरला निघून गेला, तिकडं उसाच्या ट्रॅक्टरवर लागला.

मग उन्हाळा आला. उजनीचं पाणी उतरलं, बुडालेली शिवारं उघडी पडली. त्या वर्षी मी नवी जागा म्हणून जिथं जाळी टाकत होतो, तिथं चालत गेलो. चिखलात जुन्या बाभळींची खोडं उभी होती, काळी, काट्यांसकट. आणि त्या काट्यांना माझी जाळी लटकलेली. चिंध्या. माझ्या निळ्या दोरीच्या, माझ्याच गाठीच्या. कुणी कापली नव्हती. चोर नव्हताच. पाणी उतरत गेलं तशी जाळी खोडांना टेकली आणि मी ती ओढून ओढून फाडत होतो — मीच!

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, चला, कळलं तरी. निदान तेव्हा तरी सांगितलं असेल यानं. नाही. जे केलं ते सांगतो. मी खिशातला चाकू काढला आणि एकेक चिंधी सोडवून घेतली. सगळ्या खोडांवरची. दुसऱ्या कुणाला दिसू नये म्हणून. खताच्या पोत्यात भरल्या आणि उकिरड्यावर नेऊन जाळल्या. वाटेत तात्या बाजेवर बसले होते. “का रं, मासं गावलं का?” म्हणाले. मी म्हणालो, “न्हाय तात्या.” पहिलं खोटं तोंडून निघून गेलं असं म्हणता येईल. हे दुसरं मी वाकून, हाताला काटे टोचून घेत केलं.

बिरूची आई दुकानी आली होती एकदा. काउंटरला धरून उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. “तुझं ऐकतो त्यो. त्याला म्हन, धाकट्याला घिऊन ये. माझं काय ऱ्हायलंय आता?” मी म्हणालो, बघतो काकू. ती निघाली, परत वळली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. तो हात मी झटकलाही नाही.

खंडूचं लग्न झालं. बिरू गेला नाही. मी गेलो — आमंत्रण होतं ना! नवरदेवाच्या गाडीवर दोघांची नावं मीच चिकटवली, काच स्वच्छ पुसून, कडा नीट बसवून. खंडूनं मला मिठी मारली. “सख्खा आला न्हाय, पर तुमी आलाव, रफिकभाई.” मी पोटभर जेवलो. खोटं कशाला सांगू, जेवण गोड लागलं.

आणि परवा बिरू आला. जुनी होडी विरली, नवी घेतलीय. नंबर तोच ठेवलाय, दोनशे सत्तेचाळीस. दुकानापुढं पसरली आणि पंप मारायला लागला. थकलाय तो आता, दाढी पांढरी झालीय. मी म्हणालो, पुरी भर. ढोलासारखी ताणली तेव्हा मी स्पिरिटनं पुसलं, वाळू दिलं, ठिगळं कापली, त्यांचे कोपरे गोल केले, सोल्युशन लावलं, थांबलो. बिरू पायरीवर बसून बघत होता. कंटाळून म्हणाला, “एवढं कशाला करत बसतोस रं? तुझा नंबर निघत न्हाय, हे माझ्या घरापरीस जास्त कुनाला म्हाईत हाय?”

सांगायला तोच क्षण होता. रस्त्यावर कुणी नव्हतं, गिऱ्हाईक नव्हतं, तात्याही आता नाहीत. मी साताच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिलो. मग होडी वळवून दुसऱ्या अंगाला लावायला घेतलं. काम झाल्यावर त्यानं सात नखानं उचकटून बघितला, हलला नाही, आणि तो समाधानानं हवा सोडायला लागला. पोतं मोटारसायकलला मीच बांधून दिलं.