गल्लीतले सगळे मिस्टर झोपलेले

लेकीच्या अकरावी-बारावीसाठी मी दोन वर्षं लातुरात खोली करून राहिले, त्याला आता बराच काळ लोटला. तिला मार्क किती पडले, नंबर कुठं लागला, हे लोक विचारतात आणि मी सांगते. पण त्या दोन वर्षांतलं मला आठवतं ते वेगळंच. कुलपं, किल्ल्या आणि चोरांची धास्ती. असे किस्से कुणी ठरवून जमवत न्हाई. भाजी निवडता निवडता एकीनं एक सांगितला की दुसरीला तिचा आठवतो. भाजी संपते, तरी ताट उचलावंसं वाटत न्हाई. ताट उचललं की आपापल्या खोलीत जावं लागतं.

आम्ही चौघी होतो. घरमालकीण सुमनबाई खालच्या मजल्यावर एकट्या. त्यांच्या शेजारच्या खोलीत औशाच्या शमीमभाभी, मुलाला घेऊन. वर अर्धापूरच्या कल्पनाताई, त्याही मुलाला घेऊन, आणि त्यांना लागून देगलूरची मी. पोरं सकाळी क्लासला जायची ती संध्याकाळी तोंड दाखवायची, आणि दाखवलं की लगेच पुस्तकात घालायची. आम्हा तिघींचे नवरे गावाकडं. सुमनबाईंना कुणीच नव्हतं.

*

ट्यूशनच्या त्या भागात चोर यायचे ते भरदुपारी. पोरं क्लासमध्ये असतात, आया बाजारात जातात, हे त्यांना पाठ झालेलं. कल्पनाताईंनी त्यावर तोड काढली. त्यांचे यजमान केळीच्या बागेत पाणी द्यायला जे गमबूट घालायचे ते त्यांनी अर्धापुराहून आणले आणि खोलीच्या दाराबाहेर ठेवले. बघणाऱ्याला वाटावं, आत चांगला दांडगा गडी हाय.

रोज सकाळी त्या ते पुसायच्या. एक दिवस टोकं दाराकडं, एक दिवस जिन्याकडं. गडी आला, गेला, असं दिसायला पाहिजे ना.

एका दुपारी आम्ही बाजारातून आलो तर गमबूट गायब. कुलूप जसंच्या तसं, आत एका वस्तूला हात लागलेला न्हाई. आम्ही सगळ्या कल्पनाताईंच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्या पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "अख्खी खोली सोडली बघा, अन् माणूस तेवढा नेला."

आम्ही पोट धरून हसलो. संध्याकाळी त्यांनी यजमानांना फोन लावला. ते म्हणाले, लातुरातच नवे घे. कल्पनाताई म्हणाल्या, नवे नकोत, तुमच्या पायातलेच पाठवा.

*

चोऱ्या वाढल्या म्हणून एकदा एक हवालदार घरोघर सांगत आला. कुलूप चांगलं वापरा, अनोळखी माणसाला घरात घेऊ नका, घरात कोण कोण असतं ते कुणाला सांगू नका. एवढं सांगून झालं की तो स्वतःच विचारायचा, घरात पुरुष माणूस कोण?

शमीमभाभींनी आम्हाला आधीच पढवून ठेवलं होतं. कुणीही विचारलं तरी सांगायचं, आहेत, झोपलेत. खाली त्यांनी तेच सांगितलं. वर कल्पनाताईंनी तेच सांगितलं. त्या दोघी काय बोलल्या ते मला कुठं ठाऊक? मीही सांगितलं, मिस्टर आहेत, जरा डोळा लागलाय.

हवालदारानं टोपी काढली, घाम पुसला आणि जिन्याच्या पायरीवर टेकला. आमच्या आधी पलीकडची घरंही फिरून आला होता बिचारा. म्हणाला, "ताई, ह्या गल्लीतले सगळे मिस्टर झोपलेलेच हायत का?"

मी त्याला पाणी दिलं. तांब्या रिकामा करून तो म्हणाला, त्याची बायको उदगीरला एकटीच असते. परवा त्यानं दुसऱ्याच्या फोनवरून तिला फोन लावला, तर आवाज न ओळखता तिनं त्यालाच सांगितलं, मिस्टर झोपलेत.

*

शमीमभाभींच्या मियाँचं औशाला शिलाईचं दुकान. औसा काही लांब न्हाई, पण गिऱ्हाईक सोडून येणं जमायचं न्हाई. दारात गॅसवाला आला, कुणी काही विकायला आलं, की भाभी आतल्या खोलीकडं तोंड करून मोठ्यानं विचारायच्या, "अजी, सुनते क्या? लेना क्या ये?" क्षणभर थांबायच्या आणि त्या माणसाला सांगायच्या, नको म्हणतात. माणूस निघून जायचा.

आधी हे दारात कुणी आलं तरच असायचं. पुढं पुढं कुणी नसलं तरी मला वर ऐकू यायला लागलं. अजी, आज मेथी करूं क्या? अजी, पोरगा दुबला होगया ना? मी कधी विषय काढला न्हाई.

एका दुपारी त्यांचे मियाँ न कळवता आले. दार नुसतं लोटलेलं होतं. उन्हातून आलेले, म्हणून पुढच्या खोलीत पंख्याखाली टेकले. आत भाभी सालनाचा रस्सा ढवळत होत्या. त्यांना काही पत्ता न्हाई. नेहमीसारखं म्हणाल्या, "अजी, सुनते क्या? नमक ज्यादा होगया लगता."

पुढच्या खोलीतून आवाज आला, "होने दे. थोडा पानी डाल."

भाभी अशा किंचाळल्या की वरून कल्पनाताई लाटणं घेऊन आणि मी मुसळी घेऊन खाली धावलो. बघतो तर मियाँ दोन्ही हात वर करून उभे आणि भाभी भिंतीला टेकून, हातात पळी उगारलेल्या.

नंतर सगळेच हसले. मियाँ जेवले, संध्याकाळच्या गाडीनं गेले. मग भाभी जिन्यात माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "इत्ते दिनां से बोलरी थी, बाई. जवाब पैली बार आया. डर गई मैं."

*

लातूरचं पाणी तुम्हाला माहीतच असेल. नळ कधी येईल त्याचा नेम न्हाई, म्हणून प्रत्येकीचा ड्रम आणि प्रत्येक ड्रमला कुलूप. खोलीला साधं कुलूप, चांगलं भारीचं ड्रमला. खोलीची किल्ली कल्पनाताई मीटरच्या डब्यामागं ठेवायच्या. ड्रमची किल्ली मात्र गळ्यात, मंगळसूत्राच्या जोडीला.

एकदा पालकांच्या मीटिंगला आम्ही क्लासमध्ये गेलो होतो आणि त्यांचे यजमान केळीचा घड खांद्यावर घेऊन आले. किल्ली शोधून खोली उघडली. प्यायला बघतात तर माठ कोरडा आणि ड्रमला कुलूप. माणूस दुपारभर केळी खात बसला.

आम्ही आलो तेव्हा ते उंबऱ्यात होते, पाय धुळीनं भरलेले. म्हणाले, "घरात घुसाया अडचण आली न्हाई. तांब्याभर पाणी तेवढं तुझ्या गळ्यात अडकलं."

कल्पनाताईंनी घाईनं कुलूप काढलं. पण तोवर परतीच्या गाडीची वेळ झालेली. यजमान फाटकात उभं राहूनच पाणी प्यायले आणि गेले.

*

आता माझं. देगलूरला आमचं कापडाचं दुकान आणि मागं गल्लीत घर. हे एकटेच राहायचे. रोज संध्याकाळी मी फोन करायची. पुढचं कुलूप नीट लावता ना? मागच्या दाराची कडी? आतल्या कपाटाची किल्ली जागेवर? हे म्हणायचे, हाव. लावली. हाय. एवढंच आमचं बोलणं. मला वाटायचं, लांब असले तरी घर माझ्या हातात आहे.

एका सकाळी शेजारणीचा फोन आला. आदल्या दुपारी हे दुकानात असताना चोर मागच्या दारानं शिरला होता. ह्यांना मला सांगायचा धीर झाला न्हाई. लेकीला कल्पनाताईंच्या हवाली केलं आणि मिळेल ती एसटी धरली.

घरी पोचले तर पोलीस आलेला. मागचं दार फोडलेलं नव्हतं. कडी काढलेलीच होती, गंज धरलेली. पोलीस वाकून आतल्या खोल्यांची फरशी बघत होता. फरशीवर धुळीचा थर, आणि त्यात बुटांचे ठसे. मागच्या दारापासून कपाटापर्यंत आणि परत. दुसऱ्या कुणाच्याच पायाची खूण न्हाई. तो ह्यांना म्हणाला, "साहेब, तुम्ही घरात राहता ना?"

ह्यांनी पुढच्या खोलीकडं नुसतं बोट केलं. मी पुढच्या खोलीत गेले. तिथं ह्यांची खाट, खाटेखाली एक ताट, एक पेला, कोपऱ्यात स्टोव्ह, खिडकीच्या गजाला टॉवेल. एवढ्या मोठ्या घरातली तेवढी एकच खोली ते वापरत होते. चोरानं चांदीची निरांजनं, तांब्याची दोन मोठी भांडी आणि माझे शालू नेले होते. त्याचं मला त्या घडीला काहीच वाटलं न्हाई.

पोलीस गेल्यावर मी विचारलं, मग रोज फोनवर कडी लावली म्हणून काय सांगत होता?

हे टॉवेलाची घडी घालत राहिले. म्हणाले, "आत गेलं की तुमच्या दोघींच्या खाटा दिसतात. म्हणून जात नव्हतो."

मी पदर खोचला आणि झाडू घेतला. झाडता झाडता मला कळेना की मी कुणावर चिडले आहे. चार दिवस राहिले आणि लातूरला परत आले, कारण लेकीची परीक्षा होती. त्यानंतर संध्याकाळच्या फोनवर मी कडीचं कधी विचारलं न्हाई. आज काय खाल्लं, एवढंच विचारायची. हे भात म्हणायचे. रोज भात.

*

तुम्ही म्हणाल, एवढी धास्ती होती तर लातुरात आतून कडी लावून गप बसायचं होतं. कडी असती तर लावली असती. सुमनबाईंच्या घरात एकाही दाराला आतून कडी नव्हती. बाहेर जाताना हवं तेवढं मोठं कुलूप लावा, पण आतून काही न्हाई. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, आमच्या खर्चानं बसवून घेऊ का? त्या शांतपणे म्हणाल्या, मग तुम्ही दुसरी खोली बघा.

कारण मला शमीमभाभींकडून कळलं. सुमनबाईंचं सासर औशाकडच्या एका खेड्यात. तिकडं त्र्याण्णवच्या सालात चोरांची आवई उठली होती, म्हणून सगळे आतून कडी घालून निजायचे. पहाटे ह्या जनावरं बघायला बाहेर पडल्या. पडताना लेकीला म्हणाल्या, कडी लाव गं. लेकीनं लावली आणि परत जाऊन बापाशेजारी पडली. तेवढ्यात भूकंप झाला. मागची खोली अन् वरचं मातीचं माळवद खाली बसलं. पुढची भिंत आणि दार तेवढं उभं राहिलं. आतून लेकीचा आवाज येत होता. सुमनबाई बाहेरून दार ढकलत राहिल्या. लोक येईस्तोवर आवाज थांबला होता.

आमच्यानंतर त्यांच्याकडं फार भाडेकरू टिकले न्हाईत. क्लासच्या शेजारी मोठाली होस्टेलं झाली, वॉचमन आणि कॅमेरेवाली. खोली बघायला आईबाप यायचे, दाराच्या मागं बघायचे आणि कळवतो म्हणून जायचे. सुमनबाईंनी तरी कडी बसवली न्हाई, असं भाभी औशाहून येता-जाता बघून मला फोनवर सांगायच्या.

लेकीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला मी लातूरला गेले. दुपारची वेळ. भाभींच्या जुन्या खोलीला कुलूप, जिन्यात वाळका पाला साचलेला. सवयीनं मी सुमनबाईंचं दार ढकललं. उघडलं न्हाई. बाहेर गेल्या असतील असं वाटलं, पण बाहेरून कुलूप नव्हतं. मी हाक मारली. आत हळूहळू पावलं वाजली, मग लोखंड सरकल्याचा आवाज झाला. एकदा अडकलं, दुसऱ्यांदा सरकलं.

मला बघून त्यांना लई आनंद झाला. हाताला धरून बसवलं, चहा टाकला, लेकीचं सगळं विचारून घेतलं. माझं लक्ष मात्र दाराकडं. चांगली जाडजूड कडी, आतून.

शेवटी मी विचारलंच, "मावशी, कडी कधी बसवली?"

"झाले की लई दिवस."

"पण तुम्ही तर..."

त्यांनी चहा बशीत ओतला आणि बशी माझ्यापुढं सरकवली.

"तवा तुम्ही समद्या होता गं," त्या म्हणाल्या. "आता बाहेरून दार ढकलणारं कोण हाय?"