कुबी म्हणजे मान

नागोयाजवळच्या त्या गावात आमच्या वरच्या मजल्यावर एक फ्रेंच फुटबॉलपटू राहायचा. गावच्या छोट्या क्लबात मिडफिल्डर, वय चौतीस. नव्वदच्या दशकात असे बरेच जण जपानला येत. त्याच्या बायकोशी माझी गाठ कचरा वेगळा करताना पडली. पुण्यात दिलेल्या फ्रेंचच्या परीक्षा अखेर कामी आल्या आणि मी त्यांची फुकटची दुभाषी झाले.

डिसेंबरात तिचा जीव टांगणीला लागला. फ्रान्समधला एक क्लब त्याला बोलावत होता, उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं. इथला करार वाढणार का, हे मात्र कोणी सांगेना. साहेब लोक नुसते हसून वाकायचे. शेवटी ती मला घेऊन क्लबात गेली. खेळाडूंचे बूट-कपडे सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला मी मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, मानेवर हाताची कड दोनदा टेकवली आणि हळूच म्हणाला, "कुबी."

कुबी म्हणजे मान! आदल्याच आठवड्यात जपानीच्या वर्गात डोकं, मान, खांदे घोकले होते. मी ऐटीत तिला सांगितलं, "कराराचं ठीक आहे, त्यांना फक्त तुझ्या नवऱ्याच्या मानेची काळजी वाटते." पहिलं अर्धं वाक्य माझ्या पदरचं. ते मी का जोडलं, मला अजून समजत नाही. शुक्रवारी त्यानं फ्रान्सला नकार कळवला.

रविवारी जेवताना मी ही फुशारकी मारली, तर माझ्या नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"अगं, कुबी म्हणजे नोकरीवरून काढलं! आमच्या ऑफिसात सगळे असंच म्हणतात."

"अहो, पण पुस्तकात तर मान दिलंय."

"मान असाही अर्थ होतो. कॉन्टेक्स्ट बघायचा ना!"

वर जाऊन सांगावं? सांगून आता काय होणार? आणि न सांगून? दोनदा जिना चढले, दोनदा उतरले. सोमवारी क्लबानंच त्याला सांगितलं. फ्रान्समधली जागा तोवर भरली होती. तो पुन्हा कुठेच खेळला नाही.

जायच्या आधी दोघं निरोप घ्यायला आली. तो म्हणाला, "मानेमुळेच काढलं मला. इथे खरं सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच." डॉक्टरला त्याच्या मानेत काहीच सापडलं नव्हतं. बायको माझ्याकडे एकटक पाहत होती. तिला कळलं होतं का? चहा करते म्हणून मी आत गेले, आणि दार लागल्याचा आवाज येईपर्यंत बाहेर आले नाही.