परिचय-पुस्तिकेतलं आडनाव

तो माणूस दारात उभा राहिला तेव्हाच मला आवडला नाही. फार हसत होता. काखेत रेक्झिनची बॅग, खिशाला चार रंगांचं पेन आणि दर वाक्याला 'वहिनी'. श्रीरामपुरातल्या लहानसहान धंदेवाल्यांची एक परिचय-पुस्तिका दिवाळीला निघणार होती. प्रत्येकाला एक पान. वर फोटो, खाली मालकाची ओळख, त्याखाली धंद्याची. "लोक आता माल नंतर बघतात, वहिनी. आधी माणूस बघतात," तो म्हणाला. मला नेमकं तेच नको होतं.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा येसूर करून विकायचे. बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, मसाला असं सगळं भाजून दळलेलं हे पीठ. रस्सा दाट व्हायला आमच्या नगर जिल्ह्यात घरोघर लागतं. पुडीवर 'घरगुती येसूर, श्रीरामपूर' एवढंच छापलेलं. शाळेतल्या बाई, बँकेतल्या साहेबांच्या बायका, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार, सगळे मला 'येसूरवाल्या ताई' म्हणायचे. त्यापुढचं नाव कुणाला माहीत नव्हतं, आणि ते माहीत होऊ नये म्हणून मी डोळ्यांत तेल घालून जपायचे.

आम्ही बौद्ध. सासऱ्यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. आडनाव मात्र असं की ते ऐकल्यावर माणसाला पुढचं काही विचारावं लागत नाही. आधी ज्या गल्लीत भाड्यानं राहायचो तिथं मी शेवया करून द्यायचे. एकदा पोस्टमननं दारात उभं राहून पूर्ण नावानं हाक मारली. पुढच्या आठवड्यात शेवयांची विचारणा करायला गेले तर सगळ्यांच्या घरी अचानक शेवया शिल्लक होत्या. कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. हसून, चहा घेता का विचारून, 'अहो, अजून डबा भरलेला आहे' म्हणाल्या. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

म्हणून नव्या घरी आल्यावर बुद्धाची तसबीर मी बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत नेली. नवरा पाटबंधारे खात्यात कारकून. संध्याकाळी घरी आला, रिकाम्या खिळ्याकडे बघत म्हणाला, "त्यांना इथं ऊन लागत होतं का?"

तर तो हसरा माणूस. त्यानं छापील फॉर्म पुढं केला. पूर्ण नाव, शिक्षण, मूळ गाव, छंद.

"येसुराला मूळ गाव कशाला लागतं?" मी विचारलं.

"आपलेपणा वाटतो, वहिनी, वाचणाऱ्याला."

मूळ गाव कुठल्या आपलेपणानं विचारतात ते मला चांगलं ठाऊक होतं. आधी नाव. मग आडनाव. त्यावरून उलगडा झाला नाही तर गाव. आणि गाव सांगितलं की, 'गावात कुणाच्यातले?' हा माणूस पहिल्या भेटीत तिसऱ्या पायरीवर पोचला होता. याला नक्की किराणा दुकानदारानं पाठवलंय, असा मला पक्का संशय आला. फॉर्म ठेवून जा म्हटलं आणि तडक दुकान गाठलं. दुकानदार स्वतःचाच फॉर्म भरत बसला होता. छंदाच्या रकान्यात त्यानं 'वाचन' लिहिलं होतं. या माणसाला तराजूच्या काट्याखेरीज काही वाचताना मी कधी पाहिलं नव्हतं. "तुम्ही पण द्या ताई," तो म्हणाला, "सगळेच देतायत. एकट्या तुम्हीच राहाल."

तिथंच मी अडकले. एकटीनं पान दिलं नाही तर 'का दिलं नाही' असं लोक विचारणार, आणि त्याचं उत्तर लोक स्वतःच शोधणार. पान दिलं आणि खरं लिहिलं, तर सगळ्या गावाच्या घरी एकदम येसूर शिल्लक.

दोन दिवस विचार केला आणि मी तेच केलं जे आमच्यातल्या काही शहाण्यासुरत्यांनी पुण्या-मुंबईला जाऊन केलं होतं. गावाच्या नावापुढं 'कर' लावला. सासर पारनेर तालुक्यातलं, दुष्काळी मुलखातलं एक बारकं गाव. आडनाव भारदस्त झालं. त्यावरून कुणाचा कोण याचा काहीएक पत्ता लागेना. खोटंही वाटेना, गाव तर आमचंच होतं. नवऱ्याला सांगितलं नाही. शिक्षण दहावी, छंद विणकाम, जे मला येत नाही.

फोटोसाठी स्टुडिओत गेले. फोटोग्राफरनं माझ्या हातात टेलिफोनचा रिसीव्हर दिला आणि तो कानाला लावून हसायला सांगितलं. धंदेवाल्या सगळ्यांना तो तसाच बसवायचा. फोनची वायर टेबलाखाली नुसती लोंबत होती. आमच्या घरी फोन नव्हताच. पानावर शेजाऱ्यांचा नंबर, पुढं 'पी.पी.', म्हणजे ते हाक मारून बोलावणार. फोटो पाहून मलाच वाटलं, या बाईकडून काही विकत घ्यायला हरकत नाही.

पुस्तिका निघाली. नवऱ्यानं पान उलटून पालटून वाचलं, त्यावर त्याचंही नाव होतंच.

"हे कोण गृहस्थ?" त्यानं विचारलं. "तुझ्याबरोबर राहतात असं दिसतंय."

"धंद्यापुरतं आहे."

"बरं. भेटले की माझा नमस्कार सांग त्यांना."

मग तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. वडिलांनी दिलेल्या नावाची मी अशी विल्हेवाट लावलेली. मला वाईट वाटत होतं, पण पुड्याही पहिल्यापेक्षा जास्त जात होत्या. खोटं का बोलू, बरं वाटत होतं.

आणि तरी जीव थाऱ्यावर नव्हता. कुणी 'तुमचं पान वाचलं हं' म्हटलं की ती कुठल्या ओळीबद्दल बोलतेय ते मी तिच्या डोळ्यांत शोधायचे. दाराची कडी वाजली की आधी खिडकीच्या फटीतून बघायचे.

एका दुपारी त्या फटीतून एक म्हातारा दिसला. धोतर, सदरा, पांढरी टोपी, हातात पिशवी. दुसऱ्या हातात माझं पान, पुस्तिकेतून फाडलेलं. दार उघडलं नसतं, पण त्यानं खिडकीतली माझी हालचाल पाहिली होती.

"पारनेरवरनं आलोय," तो म्हणाला आणि त्यानं स्वतःचं आडनाव सांगितलं. मी चोरलेलं. त्या आडनावाचं खरोखर एक घर होतं हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. त्यांचे पूर्वज आमच्या गावातून उठून पारनेरला गेले आणि मूळ गावाचं नाव लावू लागले. जमीन अजून गावातच. आता हा माणूस मला विचारणार, कुणाच्यातली. आणि मग चारचौघांत नेऊन उभी करणार. मी दारातच उभी राहिले, आत या म्हटलं नाही.

त्यानं आपणहून पायरीवर बैठक मारली. पान मांडीवर पसरलं आणि माझ्या नवऱ्याच्या नावावर बोट ठेवलं.

"मोठ्या दुष्काळात आमचा धाकटा भाऊ बायकू आन् तान्हं पोर घिऊन हिकडं कारखान्याला गेल्ता. परत आला न्हाई. लई धुंडला. पोराचं बारसं सुदीक झालं नव्हतं, त्यामुळं नाव ठावं न्हाई." त्यानं पान माझ्याकडं वळवलं. "आमच्या आडनावाचं दुसरं कुनी न्हाई गं पोरी. तुझा सासरा... माझ्यावानीच उंच हुता का?"

मी हो म्हणाले असते तर तो आनंदानं गेला असता, माझं पानही शाबूत राहिलं असतं. तेवढा विचार मी केला, हे कबूल करते. पण माझ्या तोंडून हो निघेना.

मी त्याला सगळं सांगितलं. आमचं खरं आडनाव, सासऱ्यांचं नाव, शेवया, पोस्टमन, 'कर' कसा लावला ते. बोलताना गल्लीतून कुणी जातंय का, ते एका डोळ्यानं बघतच होते.

म्हाताऱ्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "तुझ्या सासऱ्याला वळखतो मी," तो म्हणाला. "आमच्या रानातली हीर त्यानंच फोडली. अजून पानी हाय तिला." रागाचं काही बोलला नाही. त्यानं रागवावं असं मला फार वाटत होतं. जाताना त्याला काय द्यावं ते सुचेना, म्हणून येसुराची एक पुडी पुढं केली. त्यानं पिशवीत टाकली आणि निघाला.

दार लावलं आणि माझा स्वभाव जागा झाला. माझं आडनाव ऐकल्यावर हा माझ्या हातचं खाणार? कोपऱ्यावरच्या गटारात पुडी टाकणार, मला खात्रीच वाटली. ते डोळ्यांनी बघायचंच म्हणून मी चपला अडकवून मागं निघाले. गटारापाशी तो थांबला नाही. उकिरड्यापाशी थांबला नाही. तसाच चालत एस.टी. स्टँडवर गेला, बाकावर बसला. मी त्याच्या मागच्या खांबाला टेकून उभी राहिले.

त्यानं पिशवीतून पाण्याची बाटली काढली तशी पुडीही वर आली. शेजारी एक बाई बसली होती, तिनं विचारलं, "येसूर वाटतं? कुनी दिला?"

"आमच्या गावची सून हाय हितं, तिनं," तो म्हणाला. "लई निगुतीनं करती." आणि मग त्यानं माझं नाव घेतलं, पूर्ण. खऱ्या आडनावासकट. म्हाताऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, चार बाकांवर ऐकू जाईल असं.

श्रीरामपुरात माझं नाव कुणी असं कौतुकानं घेतलं नव्हतं. आणि ते ऐकून मी काय करावं? डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि खांबाआड सरकले, कुणी ओळखू नये म्हणून.

त्यानं पुडी त्या बाईपुढं धरली होती. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. तिनं पुडी हातात घेतली की 'आमच्याकडं हाय शिल्लक' म्हणाली, ते बघायला मी थांबले नाही.