रेषेला लागलेली बोटं

प्रॅक्टिसनंतर मुलाने अमेरिकन फुटबॉल गाडीच्या मागच्या सीटवर टाकला आणि तापलेल्या चामड्याचा वास गाडीभर पसरला. त्या वासासरशी मी आखातातल्या आमच्या जुन्या वस्तीजवळच्या, ऊद मेथाच्या मैदानावर पोचले, बारा वर्षांची.

बाबांच्या कंपनीची पिकनिक होती. त्यांचे अमेरिकन मॅनेजर बिलसाहेब असाच लांबट चेंडू घेऊन आले होते. तो घेऊन पलीकडची रेषा ओलांडायची, एवढंच त्यांनी समजावलं. बाबा तरुणपणी इचलकरंजीला गिरणीच्या संघातून कबड्डी खेळलेले, गिरणीतली नोकरीही त्याच जोरावर लागलेली. चेंडू काखोटीला मारून, ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत ते सुटले. रेषेजवळ बिलसाहेबांनी त्यांचे पाय धरले. बाबांनी चेंडू सरळ सोडून दिला, पालथं पडूनच हात लांबवला, रेषेला बोटं लावली आणि ऐटीत वर पाहिलं.

सगळे हसले. मैत्रिणींसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बिलसाहेब मात्र वाळूत त्यांच्याशेजारी बसले. म्हणाले, माझे आजोबा पोलादाच्या कारखान्यात कामगार होते, रविवारी चामड्याची टोपी घालून कारखान्याच्या टीममधून हाच खेळ खेळायचे.

“सेम सेम, साहेब,” बाबा म्हणाले आणि मिशीतली वाळू झटकत हसले. मी तेव्हा तोंड फिरवलं होतं. आज बाबा नाहीत, आणि तेच हसू पुन्हा पाहायला मी काय वाटेल ते देईन.

हे सगळं मी मुलाला सांगितलं, तोवर आमचा टॉवर आला.

“सो, डिड आजोबा स्कोअर?” त्याने विचारलं.

“हो,” मी म्हटलं.